सत्तरीच्या डोंगरगावात २१ जूनचा अयन-उत्सव कसा भरवावा

सूर्याचे उत्तरेकडे सरकणे ज्या दिवशी थांबते आणि दक्षिणायनाला आरंभ होतो, तो २१ जूनचा दिवस आपल्याकडे जत्रेचा किंवा काल्याचा दिवस म्हणून ओळखला जात नाही. शेतकऱ्याच्या हिशोबात तो मृग सरून आर्द्रा लागण्याचा सुमार असतो. भाताच्या पेरलेल्या तरव्याने नुकतीच मान वर काढलेली असते, लावणीला अजून थोडे दिवस असतात आणि कुळागरातली, म्हणजे पोफळीच्या बागेतली, पावसाळ्यापूर्वीची कामे बहुधा उरकलेली असतात. गोव्यातल्या सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि काणकोण या तालुक्यांत सह्याद्रीच्या पायथ्याला आणि कुशीत जी लहान गावे आहेत, त्यांना वर्षातून मिळणाऱ्या थोड्या उसंतींपैकी ही एक आहे. या उसंतीत गावाने एक दिवस एकत्र यावे, सूर्याची सावली मोजावी, रानातले अन्न रांधावे आणि गाणी म्हणावीत, एवढाच या उत्सवाचा घाट आहे. तो कसा घालावा, याविषयी हे लेखन आहे. विवेचन मुख्यतः सत्तरीला धरून केले असले, तरी इतर तालुक्यांतल्या गावांनाही ते थोड्या फरकाने लागू पडेल.

जगात या दिवसाभोवतीचे उत्सव पुष्कळ आहेत आणि त्यांतले काही डोंगरी गावांचेच आहेत. स्पेन, फ्रान्स आणि आंदोरा यांच्या सीमेवरच्या पिरेनीज पर्वतात गावोगावचे लोक या काळात रात्री पेटते पलिते खांद्यावर घेऊन डोंगर उतरतात आणि गावात येऊन होळी पेटवतात. तरुणांसाठी ते उतरणे म्हणजे पोरवयातून बाहेर पडण्याची खूण असते. काही ठिकाणी पहिली आग कोणी पेटवायची याचा मान ठरलेला असतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लोक निखारे किंवा राख घरादारांच्या आणि बागांच्या रक्षणासाठी घेऊन जातात. युनेस्कोने २०१५ साली या उत्सवांची नोंद मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केली. आपल्या गोव्यात २४ जूनला साजरा होणारा सांजांव याच काळातला आहे. संत जॉन बाप्तिस्त याच्या जन्माच्या या सणाला डोक्यावर फुलापानांचे कोपेल घालून तरुण विहिरींत उड्या घेतात, नव्या जावयाचा मान होतो आणि बार्देशातल्या शिवोलीला सजवलेल्या होड्यांचा सोहळा होतो. पिरेनीजमधल्या पुष्कळ गावांत पलिते निघतात तेही याच संताच्या सणाच्या आदल्या रात्री.

या दोन्हींपासून शिकावे, पण त्यांची नक्कल करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जूनअखेरीस आपल्याकडे लाकूड ओले असते, पायवाटा निसरड्या असतात आणि गावांच्या माथ्यावरचे रान पुष्कळ ठिकाणी राखीव किंवा अभयारण्यातले असते, त्यामुळे पलित्यांची मिरवणूक इथे शोभणारही नाही आणि झेपणारही नाही. विहिरीतली उडी ही सखल गावांतल्या काठोकाठ भरलेल्या विहिरींची रीत आहे. डोंगरातला व्हाळ (ओढा) वरच्या अंगाला पाऊस झाला की काही मिनिटांत फुगतो, म्हणून तिथे तिचे अनुकरण जिवावर बेतू शकते. घेण्यासारखी गोष्ट आहे ती अशी की, तिथे सारे गाव कामे वाटून घेते आणि तरुणांवर खरी जबाबदारी टाकते.

आणखी एक पथ्य आरंभीच सांगायला हवे. हा उत्सव नवा आहे, हे गावाला आणि पाहुण्यांना सरळ सांगावे. त्याच्यामागे प्राचीन परंपरेची कथा रचू नये. आपल्या गावांपाशी खऱ्या परंपरा एवढ्या आहेत की नव्या गोष्टीला खोटे वय चिकटवणे हा त्या परंपरांचाच अवमान ठरेल.

गावाशी बोलणे

तयारी मे महिन्यात सुरू करावी आणि तिची सुरुवात गावकरांकडून व्हावी. सत्तरीतल्या गावात देवस्थानाचे मानकरी असतात, देवकार्ये पाहणारा वंशपरंपरागत जल्मी असतो, मांडाचे, म्हणजे गावाचे विधी आणि लोकनृत्ये जिथे होतात त्या पवित्र जागेचे, नियम असतात आणि वर्षभराची देवकार्ये ठरलेली असतात. ज्या दिवशी आपण काही करू पाहतो, त्या दिवशी गावाचे काही असेल तर आपण बाजूला व्हावे. काही वाद्ये देवस्थानाची असतात आणि ती केव्हा वाजवावीत याचे नियम गावागणिक वेगळे असतात, तेव्हा तेही आधी विचारून घ्यावे. परवानगी मागायला एकट्या तरुण मंडळाने जाऊ नये. एखादी वडीलधारी बाई, एखादा शेतकरी आणि शाळेतले शिक्षक अशी मिळून माणसे गेली, तर हे एका गटाचे काम नाही हे आपोआप कळते.

जागेचा प्रश्न नाजूक असतो. देवळाचा सभामंडप प्रशस्त असतो आणि वर छप्पर असते, म्हणून पहिले लक्ष तिकडेच जाते. पण देवळाच्या आवारात कोणी कुठवर यावे याबद्दल काही गावांत जुने संकेत असतात आणि त्यामुळे काही घरे, विशेषतः गावाबाहेरच्या धनगरवाड्यावरची माणसे, संकोचाने कडेला उभी राहतात. या उत्सवाचा प्राण एका पंक्तीत आहे. म्हणून शाळेची पडवी, पंचायतीचे सभागृह किंवा पटसंख्येअभावी बंद पडलेली सरकारी प्राथमिक शाळेची इमारत यांचा विचार आधी करावा. बंद इमारतीसाठी लेखी परवानगी घ्यावी आणि कौले, वासे व विजेची जोडणी पाऊस सुरू होण्यापूर्वी जाणकाराकडून तपासून घ्यावी. गोव्यात मोसमी पाऊस साधारणपणे जूनच्या पहिल्या आठवड्यात पोहोचतो आणि त्यानंतर छपरावर चढण्याची सोय राहत नाही.

धनगरवाड्याला निरोप पाठवायचा तो नेमक्या वेळेचा पाठवावा. गुरांची धार काढून, दूध पोहोचवून त्यांना यायचे असते आणि संध्याकाळी गुरे परतायच्या आत जायचे असते. अकरा ते चार ही वेळ जवळजवळ सर्वांना सोयीची पडते.

दिवस कोणता धरावा

२१ जूनला सकाळी शाळांतून योगदिनाचे कार्यक्रम असतात, त्यामुळे शिक्षक आणि मुले सकाळी मोकळी नसतात. तो दिवस कामाचा असेल, तर जवळचा रविवार धरावा. असे केल्याने उत्सवाच्या मूळ हेतूला बाध येत नाही, कारण या सुमाराला सूर्य आकाशात उत्तर-दक्षिण असा फारसा हलतच नाही. १० जूनपासून २ जुलैपर्यंत माध्यान्हीच्या सावलीत पडणारा फरक मीटरभर काठीला एक सेंटीमीटरपेक्षाही कमी असतो.

गावातले पंचांग जाणणारे गृहस्थ एक शंका हमखास काढतील आणि ती रास्त आहे. निरयन पंचांगात कर्क संक्रांत १६ जुलैच्या सुमाराला येते आणि दक्षिणायन तिथून धरण्याची रीत आहे, मग २१ जून कशासाठी, असे ते विचारतील. त्याचे उत्तर असे की, पृथ्वीचा अक्ष अतिशय मंद गतीने भोवऱ्यासारखा डुलत असल्यामुळे नक्षत्रांवरून धरलेली संक्रांत आणि सूर्याचे प्रत्यक्ष वळणे यांत आता सुमारे चोवीस दिवसांचे अंतर पडले आहे. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला सूर्य उत्तरेकडे वळत असूनही मकर संक्रांत आपण १४ जानेवारीच्या आसपास करतो, त्याचेही कारण हेच. भारताच्या राष्ट्रीय सौर दिनदर्शिकेत आषाढाचा पहिला दिवस २२ जूनला येतो. संक्रांतीचे पुण्य संक्रांतीला आणि सावलीचे माप सावलीच्या दिवशी, असे समजावले की सहसा कोणाची हरकत राहत नाही. लोकांना ही चर्चा आवडते, म्हणून तिला कार्यक्रमात मुद्दाम वेळ ठेवावा.

सावलीचे मोजमाप

या उत्सवाचा गाभा हाच आहे आणि त्याची तयारी सर्वांत काळजीपूर्वक करावी. सत्तरी विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे साडेपंधरा अंशांवर आहे. २१ जूनला सूर्य मात्र सुमारे साडेतेवीस अंश उत्तरेला, म्हणजे कर्कवृत्तावर असतो. त्यामुळे त्या दिवशी माध्यान्हीला तो आपल्या डोक्यावरून न जाता किंचित उत्तरेकडून, सुमारे आठ अंशांच्या अंतराने जातो आणि सावली दक्षिणेला पडते. वर्षाचा बहुतेक काळ आपल्याकडे दुपारची सावली उत्तरेला पडते. ती दक्षिणेला पडते फक्त मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारापर्यंत आणि त्या काळातला बराचसा भाग ढगांनी झाकलेला असतो, म्हणून जन्मभर उन्हात राबलेल्या माणसालाही ही गोष्ट पुष्कळदा माहीत नसते. आपल्याच अंगणात सावली उलट्या दिशेला पडलेली पाहताना वृद्ध माणसांच्या चेहऱ्यावर जे कुतूहल उमटते, त्यासाठी सगळी खटपट करावी असे मला वाटते.

मोजमापासाठी आकाश मोकळे असलेली, झाडांची आणि छपराची सावली न पडणारी, सपाट जागा लागते. चिऱ्यांची फरसबंदी असेल तर उत्तम. तशी नसेल, तर मेमध्येच चार-सहा चिरे समपातळीत बसवून घ्यावेत आणि गवंड्याकडून पाणसळीने ते तपासून घ्यावेत. त्यांच्या मध्यभागी बरोबर एक मीटर उंचीची सरळ लोखंडी सळई किंवा पोफळीची तासलेली काठी उभी करावी आणि ओळंबा लावून ती सर्व बाजूंनी पाहावी. काठी थोडी कलली तरी माप फसते, कारण इथे सावलीच मुळात आखूड आहे.

घड्याळातले बारा आणि सूर्याची माध्यान्ह एक नसते, हे मुलांना आधी समजावून द्यावे. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची आहे आणि सत्तरी सुमारे चौऱ्याहत्तर अंशांवर आहे. एका अंशाला चार मिनिटे या हिशोबाने आपली माध्यान्ह उशिरा होते आणि जूनच्या या दिवसांत ती साधारण १२ वाजून ३५ मिनिटांनी येते. म्हणून १२ वाजून १५ मिनिटांपासून १२ वाजून ५५ मिनिटांपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने ठिपका करावा. सावलीचे टोक पाच मिनिटांत सुमारे दोन सेंटीमीटर पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकते, पण तिची लांबी इतकी थोडी बदलते की सर्वांत आखूड सावली कोणती हे डोळ्यांनी ठरवणे कठीण जाते. त्यावर सोपा उपाय असा आहे की, सगळ्या ठिपक्यांमधून दोरी ताणून एक सरळ रेघ मारावी आणि काठीच्या बुंध्यापासून त्या रेघेवर गवंड्याचा गुण्या लावून काटकोनात दुसरी रेघ काढावी. पहिली रेघ पूर्व-पश्चिम आणि दुसरी दक्षिणोत्तर असते. दुसऱ्या रेघेची लांबी सुमारे १४ सेंटीमीटर भरायला हवी. तेवढी भरली की गावाने आपल्या हातांनी आपली दिशा आणि आपला अक्षांश शोधला, असे समजावे.

प्रश्न उरतो तो ढगांचा. जूनमध्ये भर दुपारी चाळीस मिनिटे ऊन मिळेल असे गृहीत धरून कार्यक्रम आखला, तर निराशा ठरलेली. म्हणून १० जूनपासूनच हे काम शाळेतल्या वरच्या वर्गातल्या मुलांकडे सोपवावे. आळीपाळीने दोघांनी रोज काठीजवळ असावे आणि ज्या दिवशी ऊन पडेल त्या दिवशी मिळतील तेवढे ठिपके घेऊन तारखेसह वहीत नोंदवावेत. दोन-तीन दिवसांचे तुटक ठिपकेही पुरतात. उत्सवाच्या दिवशी सूर्य दिसला तर सर्वांसमक्ष पुन्हा मोजावे आणि नाही दिसला तर मुलांनी आपली वही उघडून, काढून ठेवलेली रेघ दाखवून सगळे समजावून सांगावे. हे सांगण्याचे काम मोठ्यांनी मुलांकडून हिरावून घेऊ नये. पिरेनीजमधले तरुण जे पलित्याने मिळवतात, ते आपल्या मुलांना या वहीने मिळेल.

नक्की झालेली खूण चिऱ्यात टाकीने कोरून घ्यावी. त्याच काठीची सावली मार्च आणि सप्टेंबरमध्ये, दिवस-रात्र समान असताना, उत्तरेला सुमारे २८ सेंटीमीटर आणि २१-२२ डिसेंबरला उत्तरेला सुमारे ८१ सेंटीमीटर पडते. तेव्हा चिरे बसवताना उत्तरेकडे मीटरभर जागा सोडून ठेवावी. गावात उगवतीच्या अंगाला सह्याद्री असल्यामुळे सूर्य डोंगरावर उशिरा दिसतो आणि जूनमध्ये बहुधा दिसतच नाही, म्हणून उगवत्या सूर्याची खूण करण्याच्या मागे या महिन्यात लागू नये.

पंक्तीचे जेवण

जेवण शाकाहारी ठेवावे, म्हणजे सर्वांना चालते. वर्गणी पैशांत मागण्याऐवजी जिनसांत मागावी. कोणी तांदूळ, कोणी नारळ, कोणी फणस, कोणी केळीची पाने आणावीत. ज्या घरात काहीच नसेल त्यांनी सरपण फोडून द्यावे. अशाने कोणाचेही देणे लहान ठरत नाही. सरपण मात्र मेमध्येच आडोशाला रचून ठेवायला हवे, नाहीतर ओल्या लाकडाच्या धुरात रांधणाऱ्या बायकांचे हाल होतात. रांधण्याचे सगळे ओझे बायकांवर टाकू नये. पाणी भरणे, नारळ खवणे, चुली पेटत्या ठेवणे आणि भांडी घासणे ही कामे पुरुषांची, हे पहिल्याच बैठकीत नावांनिशी लिहून काढावे.

उकड्या तांदळाचा भात आणि खतखते हा पंक्तीचा पाया. खतखत्यात घरोघरच्या भाज्या आणि कंद एकत्र येतात आणि तेफळाचा वास त्याला पूर्ण करतो, त्यामुळे गावाच्या सामाईक जेवणाला याहून योग्य पदार्थ मला सुचत नाही. शंभर माणसांना बारा ते पंधरा किलो तांदूळ धरावे. त्याच्या जोडीला कोवळ्या टायकिळ्याची (टाकळ्याची) भाजी फणसाच्या बिकणांबरोबर करावी. पहिल्या पावसांनंतर टायकिळा सगळीकडे उगवतो आणि दोन-चार पानांवर असतानाच तो खुडावा, कारण पुढे तो निबर होतो. तेऱ्याची (रानअळूची) भाजी करायची तर ती सवय असलेल्या हातांकडेच सोपवावी आणि तिच्यात आमसोलांसारखे आंबट पुरेसे घालावे, अन्यथा घसा खवखवतो. नव्या आमसोलांची सोलकढी आणि शेवटी नाचणीचे तिझान, गूळ आणि नारळाच्या रसातले, असे पान पुरे होते. नाचणी डोंगरउताराचे धान्य आहे आणि तरुणांच्या ताटांतून ती नाहीशी होत चालली आहे, म्हणून तिला पंक्तीत मानाची जागा द्यावी. पिकलेले फणस या वेळेपर्यंत पाणचट होऊ लागतात, तेव्हा कापे गरे आधी चाखून मगच वाढायला घ्यावेत.

रोयणीवरची (वारुळावरची) अळमी, म्हणजे रानातली अळिंबी, या जेवणात घेऊ नयेत. शंभर माणसांच्या पानांना पुरतील एवढी अळमी गोळा करायची, तर रानातल्या रोयणी उपटून निघतात. शिवाय अळमीच्या नावाखाली एखादी विषारी जात शिरली तर सारे गाव आजारी पडेल. ज्या रोयणीला आपण सांतेरी देवी म्हणून हात जोडतो, ती उत्सवाच्या हौसेपायी उकरणे कोणत्याही दृष्टीने योग्य नाही. म्हादई अभयारण्य १९९९ साली घोषित झाले असून त्याचा विस्तार सुमारे २०८ चौरस किलोमीटर आहे. त्याच्या हद्दीतल्या किंवा हद्दीला लागलेल्या गावांनी हेही ध्यानात ठेवावे की, परवानगीवाचून अभयारण्यातून वनोपज काढण्यास वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. पंक्तीच्या भाज्या परसातल्या, कुळागरातल्या आणि शेताच्या बांधावरच्याच असाव्यात. पिण्याचे पाणी उकळून घ्यावे, कारण पहिल्या पावसांत झऱ्यांचे पाणी गढूळ होते.

गाणी आणि वाद्ये

इथे संयमाची सर्वाधिक गरज आहे. सांस्कृतिक कार्यक्रम म्हटला की धालो, घोडेमोडणी, रणमाले अशी सगळी लोकनृत्ये आणि लोकनाट्ये एका रंगमंचावर आणण्याचा मोह होतो आणि बाहेरच्या पाहुण्यांना तेच हवे असते. पण धालो पौषातल्या रात्रींचे आहेत आणि मांडाचे आहेत. घोडेमोडणी आणि रणमाले शिगम्याच्या दिवसांत शोभतात. त्यांना आषाढाच्या तोंडावर पत्र्याच्या छपराखाली उभे करणे म्हणजे त्यांचा ऋतू, देव आणि मांड ही तिन्ही काढून घेणे होय. तेव्हा ते टाळावेच.

या दिवशी शोभतील अशा गोष्टी काही थोड्या नाहीत. जुन्या बायकांना जात्यावरच्या ओव्या आणि लावणीच्या वेळची गाणी पाठ असतात. त्यांना माईकसमोर उभे न करता चार जणींच्या घोळक्यात बसवावे आणि मुलींना त्यांच्यामागे म्हणायला लावावे. गाणे ज्या बाईचे आहे तिच्या नावाने, तिला विचारून, ते ध्वनिमुद्रित करून ठेवावे आणि त्याची प्रत आधी तिच्या घरी द्यावी. फुगडीला मोकळी जागा ठेवावी. आषाढी एकादशी जवळ आलेली असते, त्यामुळे गावच्या भजनी मंडळाचे अभंग आणि गवळणी यांनी शेवट करणे स्वाभाविक ठरते.

घुमट हे मातीच्या मडक्याचे वाद्य वाजणार असेल तर एक व्यावहारिक अडचण ध्यानात घ्यावी. दमट हवेत चामडे सैल पडते आणि नाद बसतो, म्हणून वाजवण्याच्या आधी ते चुलीच्या आचेवर, पुरेसे अंतर राखून, शेकावे लागते. गोवा सरकारने २०१९ साली घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. पूर्वी त्याला घोरपडीचे कातडे चढवीत आणि आता कायद्यानुसार बकऱ्याचे वापरतात. एखाद्या घरी जुने घुमट असेल, तर ते चव्हाट्यावर आणण्याचा आग्रह धरू नये. ध्वनिक्षेपकाची गरज साठ-सत्तर घरांच्या गावाला नसते. पावसाळ्यात झाडे तारांवर पडून वीज वारंवार जाते, तेव्हा विजेवर अवलंबून नसलेला कार्यक्रमच निर्धोक असतो.

रोपांची देवघेव

दुपारच्या जेवणानंतर तासभर परसातल्या बियांची, रोपांची आणि कंदांची देवघेव ठेवावी. भेंडी, तवशी, काराती, घोसाळी यांचे उरलेले बियाणे, हळद-आल्याचे गड्डे आणि नाचणीची जादा रोपे असे पुष्कळ काही घरोघर असते. प्रत्येक पुडीवर बियाणे कोणाच्या परसातले ते लिहावे. झाडे लावायची असतील तर भिंड, जांभूळ, ओवळ अशी इथलीच लावावीत आणि खड्डे मेमध्ये खणून ठेवावेत. झाडे गुरांपासून कोण राखणार याचे उत्तर मिळत नसेल, तर लावूच नयेत.

पाहुणे आणि सुरक्षितता

पाहुण्यांची संख्या गावाच्या संख्येपेक्षा मोठी होऊ देऊ नये. नातेवाईक, शेजारच्या गावांतली माणसे आणि गावातून कामधंद्यासाठी पणजी, म्हापसा किंवा वास्कोला गेलेली कुटुंबे यांना आधी बोलवावे. समाजमाध्यमांवर जाहिरात करू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. पावसाळ्यात सत्तरीतल्या धबधब्यांकडे मोठी गर्दी लोटते आणि उत्सवाचे निमित्त मिळाले की तीच गर्दी गावाच्या अरुंद रस्त्यावर गाड्या लावून व्हाळात उतरते. पाहुण्यांना निरोप देतानाच सांगावे की व्हाळात किंवा धबधब्याखाली उतरायचे नाही, देवराईत गेल्यास पानही तोडायचे नाही आणि मद्य आणायचे नाही.

वाटांवर जळवा असतात, त्यासाठी मीठ जवळ ठेवावे. फुरसे, मण्यार यांसारखे साप या दिवसांत कोरड्या आडोशाला येतात, म्हणून बंद इमारतीचे कोपरे, सरपणाचा ढीग आणि चपला ठेवण्याची जागा सकाळी काठीने चाळवून पाहावी. सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, करकचून बांधू नये. माणसाला न चालवता वाळपईच्या आरोग्य केंद्राकडे ताबडतोब न्यावे आणि १०८ क्रमांकावर कळवावे. मोबाइलचा संपर्क गावात कुठे मिळतो ती जागा सर्वांना ठाऊक असावी आणि एक गाडी चालकासह दिवसभर मोकळी ठेवावी. हवामान खात्याने लाल इशारा दिला असेल तर बिनदिक्कत पुढच्या रविवारवर ढकलावे. २ जुलैच्या आतला रविवार साधला की सावलीचे माप बिघडत नाही.

उरलेली कामे

संध्याकाळी चारच्या सुमाराला दूरच्यांना वाटेला लावावे, म्हणजे कदंबच्या शेवटच्या बसगाड्या चुकत नाहीत. केळीची पाने आणि उष्टे खरकटे कंपोस्टच्या खड्ड्यात जावे. देवस्थानाची किंवा कोणाच्या घरची भांडी त्याच दिवशी मोजून परत करावीत. जिनसांचा आणि खर्चाचा हिशोब आठवड्याच्या आत, लावणीची धांदल सुरू होण्यापूर्वी, शाळेच्या किंवा पंचायतीच्या फलकावर लावावा आणि त्यात ज्यांनी सरपण फोडले त्यांचीही नावे असावीत. मुलांची नोंदवही शाळेच्या कपाटात ठेवावी. काठी काढून कोरड्या जागी ठेवावी आणि २१ डिसेंबरला दुपारी १२ वाजून १५ मिनिटांच्या सुमाराला त्याच मुलांनी ती पुन्हा उभी करून उत्तरेकडची लांब सावली मोजावी. थंडीच्या दिवसांत सहसा आकाश निरभ्र असते, त्यामुळे त्या मोजमापाला एकच दुपार पुरते आणि त्यासाठी सभा भरवण्याचीही गरज नसते.